चौघांना फाशी, एकाला माफी : पुण्यातील हत्यासत्र आणि आपली न्यायाची मागणी

पुण्यात ‘फाशी’ हा शब्द निघाला की साठी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडून अजूनही चार नावे एका दमात येतात : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात या चौघांना फाशी देण्यात आली. चौदा महिन्यांत दहा माणसे मारल्याचा गुन्हा त्यांच्यावर सिद्ध झाला होता. पाचवे नाव मात्र फार थोड्यांना आठवते. सुहास चांडक हाही याच टोळीतला. तो फाशीवर गेला नाही. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला.

कसबा पेठेत आम्ही काही कार्यकर्ते रविवारी अभ्यासवर्ग घेतो. तिथे या प्रकरणाची चर्चा निघाली तेव्हा बारावी झालेल्या एका मुलाने विचारले, “ताई, दहा खुनांच्या टोळीतला माणूस सरकारच माफ करून सोडत असेल, तर आपल्या लोकांचे खून करणारे सुटतात त्यात नवल काय?” प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर ‘व्यवस्था मनुवादी आहे’ एवढ्या एका वाक्यात संपत नाही. व्यवस्था कशी चालते, नेमकी कुठे वळते आणि कुठे मुद्दाम थांबते हे पाहावे लागते. या दोन सुटकांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो कळला तर आपली न्यायाची मागणीच बदलेल असे मला वाटते.

चौदा महिन्यांचे हत्यासत्र

आधी घटनाक्रम पाहू, कारण आजच्या पिढीला तो तुकड्या-तुकड्यांत माहीत असतो.

टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी ही मुले. सराईत गुन्हेगारांच्या यादीत त्यांची नावे नव्हती. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच महाविद्यालयातला विद्यार्थी प्रकाश हेगडे याला पळवले. त्याचे वडील महाविद्यालयाच्या मागेच ‘विश्व’ हॉटेल चालवत. प्रकाशकडून ‘मी घर सोडून जात आहे’ अशा अर्थाची चिठ्ठी लिहून घेतली, त्याला मारले, प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकले, आणि त्यानंतर वडिलांकडे खंडणी मागितली.

३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीत अच्युत जोशी, त्यांच्या पत्नी उषा आणि मुलगा आनंद यांचा खून झाला. १ डिसेंबर १९७६ रोजी भांडारकर रस्त्यावरच्या ‘स्मृती’ बंगल्यात पाच जण मारले गेले : संस्कृतचे ज्येष्ठ पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, पत्नी इंदिराबाई, नात जाई, नातू धनंजय आणि घरात काम करणाऱ्या सकुबाई वाघ. २३ मार्च १९७७ रोजी महाविद्यालयातल्याच एका मित्राचा धाकटा भाऊ अनिल गोखले याला मारून शिडीला बांधून नदीत टाकले. प्रेत दुसऱ्या दिवशी येरवड्याच्या बाजूला वर आले आणि तपासाला धागा मिळाला. मार्च संपता संपता अटका झाल्या.

काळ लक्षात घ्या. देशात आणीबाणी होती. सभा-मोर्चांवर बंदी, वर्तमानपत्रांवर नियंत्रण, रस्त्यावर पोलीस. सरकार सर्वशक्तिमान असल्याचे सांगितले जात असताना पुण्यात मात्र संध्याकाळ झाली की पेठांमध्ये दारांना आतून कड्या लागत. ज्यांचा शोध सुरू होता ते तरुण रोज महाविद्यालयात जात-येत होते.

सत्र न्यायालयात खटला १५ मे १९७८ रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी २८ सप्टेंबरला चौघांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती एप्रिल १९७९ मध्ये कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९८० मध्ये अपील फेटाळले. दहा खून, चार फाशा, आणि सत्र न्यायालयातला सगळा खटला साडेचार महिन्यांत पूर्ण. अत्याचाराच्या एखाद्या खटल्यात तारखांना खेटे घातलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हा वेग अविश्वसनीय वाटेल. मी या वेगाला नावे ठेवत नाही. मी फक्त एवढेच नोंदवते की यंत्रणेला हा वेग जमतो.

प्रकरणाला नाव कोणाचे?

इतिहासात हे प्रकरण ‘जोशी-अभ्यंकर हत्याकांड’ म्हणून ओळखले जाते. दहा बळींपैकी दोन आडनावे शीर्षकात राहिली. प्रकाश हेगडे, जो पहिला बळी, शीर्षकात नाही. अनिल गोखले नाही. आणि सकुबाई वाघ तर बहुतेक लेखांमध्ये ‘मोलकरीण’ एवढ्याच शब्दात येतात.

याचा अर्थ जोशी आणि अभ्यंकर कुटुंबांचे दुःख लहान होते असा कोणी काढू नये. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि त्याच्या नातवंडांना दोरीने गळा आवळून मारणे हे कुठल्याही जातीच्या घरात तेवढेच भीषण आहे. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून माणसाचे दुःख जातीच्या तराजूत तोलण्याचे काम आपण करायचे नाही. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला विचारावेसे वाटते की साठीच्या घरातली एक बाई रात्री आठ वाजता दुसऱ्याच्या घरी का होती? कारण ते तिचे पोट होते. ती त्या घराची मालकीण नव्हती, तिथल्या दागिन्यांशी तिचा संबंध नव्हता. ती मेली ती कामावर असताना. कारखान्यात असे झाले असते तर ‘कामावरचा मृत्यू’ म्हटले असते. घरकामाला काम मानायचेच नाही म्हटल्यावर त्या मृत्यूला वेगळे नाव कुठून मिळणार?

अभ्यंकरांच्या घरातील हत्याकांडाआधी, २२ नोव्हेंबर १९७६ रोजी, याच टोळीने शंकरशेठ रस्त्यावरच्या बाफना यांच्या बंगल्यावर हल्ला केला होता. तो फसला, कारण घरच्या बाईंनी आणि घरातल्या दोन नोकरांनी प्रतिकार केला. टोळी काटेरी कुंपणावरून पळाली. दहाचा आकडा त्या रात्री वाढला नाही, त्यात दोन नोकरांचा वाटा होता. त्यांची नावे किती जणांना माहीत आहेत? मारले गेले तर ‘मोलकरीण’, लढले तर ‘नोकर’. खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाचे नाव आपण चळवळीने टिकवले म्हणून टिकले. जिथे चळवळ नाही तिथे नाव टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. या खुनांनंतर कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना ‘जन्मजात गुन्हेगार’ कोणी म्हटले नाही, आणि म्हणणे चूकच ठरले असते. पण याच महाराष्ट्रात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा होती. संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या, हजेरीला बांधल्या गेल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहतीत डांबल्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पोलीस ठाण्याच्या डोक्यातून तो गेला का, हे पुढे पाहू.

साक्षीलाही जात होती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक जण का सुटला?

फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३ च्या कलम ३०६ मध्ये माफीच्या साक्षीदाराची तरतूद होती. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३४३ म्हणून आहे. गुन्ह्यात सामील असलेल्या माणसाने जे जे माहीत आहे ते सगळे आणि खरे सांगायचे, त्या अटीवर न्यायालय त्याला माफी देते. खोटे बोलला किंवा काही लपवले तर माफी जाते आणि खटला चालतो. जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तो कोठडीतच राहतो. त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा देणे धोक्याचे, म्हणून न्यायालये इतर पुराव्याचा आधार शोधतात.

थोडक्यात, बंद दारांमागे घडलेले, प्रत्यक्षदर्शी उरलेला नाही असे खून सिद्ध करायचे तर आतला माणूस बोलावा लागतो. त्याच्या बोलण्याची किंमत म्हणून राज्य त्याची सुटका करते. ही किंमत नैतिकदृष्ट्या कडू आहे. बळींच्या नातेवाइकांना ती कशी गिळावी लागली असेल याचा विचार करा. १९८६ साली नाना पाटेकरांना घेऊन ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला. पुणेकरांच्या मनात फाशीइतकाच हा शब्दही रुतला होता, असे त्या नावावरून म्हणता येते.

पण या तरतुदीच्या तळाशी एक तत्त्व आहे : न्याय साक्षीवर उभा राहतो. आणि साक्ष कोणाची ग्राह्य, हा आपल्या देशात नेहमी जातीचा प्रश्न होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, ६८ व्या श्लोकात, स्त्रियांसाठी स्त्रियांनी, द्विजांसाठी द्विजांनी, शूद्रांसाठी शूद्रांनी आणि अंत्यजांसाठी अंत्यजांनी साक्ष द्यावी अशी व्यवस्था आहे. म्हणजे ब्राह्मणाने अंत्यजावर अत्याचार केला आणि पाहणारा अंत्यजच असला, तर त्याच्या शब्दाला जागा कुठे उरते? त्याच अध्यायात ८८ व्या श्लोकात ब्राह्मण साक्षीदाराला नुसते ‘सांग’ म्हणायचे आणि शूद्राला सर्व पातकांची भीती घालायची असा भेद आहे. ३८० व्या श्लोकात तर ब्राह्मणाने कोणतेही पाप केले तरी राजाने त्याला मारू नये, धनासह राज्याबाहेर घालवावे असे सांगितले आहे. पेशवाईतल्या पुण्यात, म्हणजे याच शनिवारवाड्याच्या आणि कसब्याच्या परिसरात, ब्राह्मण अपराध्याला सहसा देहांताची शिक्षा होत नसे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी जाळली ती ही दंडनीती आणि ही साक्षनीतीसुद्धा.

१८७२ च्या पुरावा कायद्याने कागदावर सगळे साक्षीदार समान केले. संविधानाने त्या समानतेला पाया दिला. कागदावरची समानता गावच्या चावडीवर पोहोचली का?

एक माफीचा, बाकी फितूर

२८ एप्रिल २०१४. अहमदनगर जिल्ह्यातले खर्डा गाव. नितीन आगे हा बौद्ध समाजातला शाळकरी मुलगा. एका सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून त्याला शाळेच्या आवारातून नेले, मारहाण केली आणि ठार मारून झाडाला लटकवले, असा आरोप होता. भर दिवसा, गावाच्या डोळ्यांसमोर. इथे बंद दार नव्हते, माफीच्या साक्षीदाराची गरजच नव्हती. पण न्यायालयात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. १९७८ साली राज्याने टोळीतल्या एका माणसाला आपल्या हाताशी धरले, त्याचे तोंड उघडले, ते उघडे राहील याची काळजी घेतली, आणि त्याच्या साक्षीला बाकी पुराव्याची जोड दिली. खर्ड्यात साक्षीदारांना त्याच गावात, त्याच लोकांत, त्याच रोजगारावर जगायचे होते. त्यांच्या तोंडाची काळजी राज्याने घेतली नाही. पहिली सुटका ही न्याय मिळावा म्हणून मोजलेली किंमत होती. दुसरी सुटका म्हणजे न्यायाचा पराभव. दोन्हीला ‘आरोपी सुटला’ असे एकच वाक्य लावले की आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

खैरलांजीकडे पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना मारले. २००८ साली भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द करून २५ वर्षांची शिक्षा केली. आपला सगळा संताप ‘फाशी रद्द झाली’ यावर गेला. पण त्याहून मोठी जखम ही होती की दोन्ही न्यायालयांनी अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. चार माणसांना मारताना जात कारण नव्हती, असे कागदावर आले. फाशी कायम राहिली असती तरी हा कागद तसाच राहिला असता.

दोर परत येत नाही

आता पुण्यातलेच दुसरे प्रकरण. २६ ऑगस्ट १९९४ रोजी कोथरूडला पौड रस्त्यावर राठी कुटुंबाच्या घरी सात जणांचे खून झाले. पाच स्त्रिया, त्यातली एक गरोदर, आणि दोन मुले. कारण लूट. तीन आरोपी. इथेही एक माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. उरलेल्या दोघांना १९९८ साली फाशीची शिक्षा झाली आणि ५ सप्टेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. शहराच्या दृष्टीने विषय संपला होता.

तो संपला नव्हता. दोघांपैकी एकाची फाशी पुढे राष्ट्रपतींनी दयेच्या अर्जावर जन्मठेपेत बदलली. दुसरा, ज्याच्यावर ‘नारायण’ या नावाने खटला चालला, त्याचे राजस्थानातल्या गावच्या शाळेच्या दाखल्यावरचे नाव निरानाराम होते. तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असा दावा पुढे आला. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली. २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षांच्या आसपास होते. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो २८ वर्षांहून अधिक काळ आत होता, त्यातली बरीच फाशीच्या छायेत. त्याला तत्काळ सोडण्याचा आदेश झाला.

राठी कुटुंबातल्या मेलेल्या माणसांना या निकालाने काही परत मिळाले नाही, आणि त्यांच्या नातेवाइकांच्या वेदनेवर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण हिशेब करा. १९८० साली अपील फेटाळल्यानंतर तीन वर्षांत येरवड्यात दोर आवळला गेला. २००० नंतर तीच गती राहिली असती, तर २००३ च्या सुमारास भारताच्या राज्याने एका अशा माणसाला फाशी दिली असती ज्याने गुन्हा केला तेव्हा तो सातवी-आठवीच्या वयाचा मुलगा होता. शाळेचा दाखला नंतर सापडून उपयोग काय?

आणि ज्यांनी गुन्हाच केला नव्हता त्यांचे काय? जून २००३ मध्ये महाराष्ट्रात पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जण मारले गेले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर निघाले. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि दोषी पोलिसांवर कारवाईचे निर्देश दिले.

निकालातला सगळ्यात बोलका भाग साक्षीचाच आहे. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांच्या मागे कोणी गेले नाही. साक्षीदार होती, ती बोलली होती, खरे बोलली होती. यंत्रणेने ऐकले नाही, कारण तिच्या हाताशी भटके होते. १९५२ साली कायदा गेला, पण ‘हे लोक असेच असतात’ हे वाक्य ठाण्यात राहिले. सहा माणसांची सोळा वर्षे त्या वाक्याने खाल्ली, आणि खरे गुन्हेगार बाहेर राहिले.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते, आणि साधारण चारातला एक अनुसूचित जाती-जमातीतला. फाशीचा दोर कोणाच्या मानेच्या मापाने वळलेला आहे, हे यावरून कळते.

बाबासाहेब काय म्हणाले होते?

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांवर चर्चा चालू होती. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात अपिलाचा हक्क असावा असा आग्रह होता. बाबासाहेबांनी तेव्हा भूमिका मांडली की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण पाठिंबा देऊ. या देशाने अहिंसा हे नैतिक तत्त्व म्हणून मानले आहे, आचरणात ते नेहमी उतरत नसले तरी ते मानणाऱ्या देशाने ही शिक्षा पूर्णपणे काढून टाकणे हेच योग्य, असा त्यांचा आशय होता. हे बोलणारा माणूस कायद्याचा पंडित होता आणि ज्या समाजावर शतकानुशतके हिंसा झाली त्या समाजाचा प्रतिनिधी होता. सूडाची भाषा करण्याचा अधिकार कोणाला असेल तर त्याला होता. त्याने ती केली नाही.

धम्मातला सगळ्यात प्रसिद्ध खुनी अंगुलिमाल. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्याच्या परिवर्तनाला मुद्दाम जागा दिली आहे. आपण ही कथा सांगतो तेव्हा बहुधा तो भिक्खू झाला तिथे थांबतो. मज्झिम निकायात पुढे आहे. अंगुलिमाल भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याच्यावर दगड-काठ्या टाकतात, डोके फुटते, चीवर फाटते, रक्त वाहत तो परत येतो. बुद्ध त्याला सहन कर म्हणतात, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. म्हणजे सुटका झाली, पण हिशेब पुसला गेला नाही. माणूस जिवंत राहिला, बदलला, आणि केल्याचे ओझे उघडपणे वाहत राहिला. फाशी यातले काहीच होऊ देत नाही.

काही मित्र म्हणतील, हे तत्त्वज्ञान आम्हालाच का? आमच्या माणसांना मारणाऱ्यांना फाशी मागायची वेळ आली की अहिंसा आठवते? आक्षेप रास्त आहे. पण ‘फाशी द्या’ ही घोषणा कोणाच्या कामी येते ते पाहा. २०१६ मध्ये कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. तो गुन्हा अमानुष होता आणि त्या मुलीचे दुःख आपलेही आहे. पण त्यानंतरच्या मोर्चांच्या निवेदनांत आरोपींना फाशी आणि अॅट्रॉसिटी कायद्यात बदल या दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या. फाशीची घोषणा ज्याची संख्या मोठी त्याच्या हातात जास्त धारदार होते. आपल्या हातात ती आली की यंत्रणा चार-सहा माणसांना फाशी सुनावते, आपण शांत होतो, आणि जात, गाव, ठाणे यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

मग मागायचे काय?

साक्ष मागायची. साक्षीदाराचे संरक्षण मागायचे. २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५-अ आले. त्यात पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना धमकी आणि दबावापासून संरक्षण, प्रवास आणि निर्वाहाचा खर्च, गरज पडल्यास दुसरीकडे वास्तव्य, कार्यवाहीचे चित्रीकरण आणि जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. म्हणजे १९७८ साली राज्याने एका माफीच्या साक्षीदारासाठी जे केले, ते आज प्रत्येक दलित साक्षीदारासाठी मागता येते. त्यासाठी सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज किती कार्यकर्त्यांनी आजवर भरून दिला आहे?

पुढच्या वेळी कुठल्या गावात अत्याचार झाला आणि आपण गाड्या करून निघालो, तर घोषणांच्या आधी या गोष्टी करू : फिर्यादीत कोणती कलमे लावली ते वाचू आणि अॅट्रॉसिटीचे कलम नसेल तर लेखी हरकत देऊ. घटना पाहणाऱ्यांची यादी करू. त्यातल्या कोणाची मजुरी आरोपीच्या शेतावर आहे ते विचारू, आणि त्याच्या घरात महिन्याचे धान्य कोण भरणार ते त्याच दिवशी ठरवू. संरक्षणाचा अर्ज पहिल्या आठवड्यात देऊ. आणि साक्षीच्या तारखेला न्यायालयाच्या बाकावर त्या माणसाशेजारी जाऊन बसू. मोर्चात हजार जण असतात, साक्षीच्या दिवशी तो एकटा असतो. तो तिथेच फितूर होतो.

आणि नावे लिहून ठेवू. आपल्या लोकांची, आणि ज्यांच्यामागे कोणतीच चळवळ नव्हती त्यांचीही. म्हणून भांडारकर रस्त्यावरच्या त्या रात्रीबद्दल कोणी विचारले तर पूर्ण नाव सांगा. सकुबाई वाघ, वय साठ, कामावर होत्या.

जय भीम.